मध्यंतरानंतरचे अण्णा

भुताचा चित्रपट लागला की आमच्या अण्णांना झोप लागते. साधीसुधी नव्हे, घोरण्यासकट. पडद्यावर एखादी बाई केस सोडून भिंतीवरून सरपटत येत असते, माझी मुलगी इरा उशीमागून एका डोळ्याने बघत असते, आणि अण्णा आरामखुर्चीत मान टाकून निवांत. किंकाळीने जाग आलीच तर पडद्याकडे एक नजर टाकून म्हणतात, "वायरिंग जुनं आहे. दिवे लुकलुकणारच. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा म्हणावं," आणि पुन्हा झोपतात.

मात्र चित्रपटातलं कुटुंब हसतखेळत जेवायला बसलं, की अण्णा खाडकन जागे. पाठ ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. "हे काही बरं लक्षण नाही," ते पुटपुटतात. बापाने मुलीला नवी सायकल आणली, बरं लक्षण नाही. नवऱ्याने निघताना दारातून वळून बायकोकडे पाहिलं, मुळीच बरं लक्षण नाही. आणि एखादे आजोबा स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला लागले की अण्णा उठून उभेच राहतात. "अहो, उतरा! कुणीतरी स्टूल धरा रे त्यांचं!"

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. जी वस्तू फुटायला बनवलेली आहे ती वेळेआधी फुटणार नाही ना, हे बघण्याचं काम. लोक निवृत्त होतात तेव्हा काम सोडतात, अण्णांनी ते घरी आणलं. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅसचा रेग्युलेटर झोपण्यापूर्वी तीन जण तपासतात, त्यांतले दोन अण्णाच असतात. माझ्या स्कूटरवर मागे बसतानाही ते हेल्मेट घालतात, आणि मी निघण्यापूर्वी टायर दाबून बघतात. "घाबरायला लाज कसली?" ते म्हणतात. "मी चौतीस वर्षं घाबरलो, म्हणून चारशे माणसं संध्याकाळी डबा हलवत घरी गेली."

लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या पहिल्याच रविवारी दुपारी सगळे टीव्हीपुढे बसले होते. मी नवी, म्हणून अदबीने पोह्यांची बशी घेऊन उभी. एकदम अण्णा ओरडले, "हात! हात!" माझं काय चुकलं कळेना. घाबरून मी दोन्ही हात वर केले आणि पोहे गालिच्यावर. मग समजलं, पडद्यावरच्या नायकाने गाणं म्हणताना मोटारसायकलचं हँडल सोडलं होतं. सासूबाई शांतपणे झाडू घेऊन आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "सवय होईल."

सवय झाली. नव्या चित्रपटांवरची अण्णांची मतंही पाठ झाली. "यांच्याकडे सगळ्यांकडे मोबाइल आहेत, पण पोचल्यावर एकही कळवत नाही." "या दिग्दर्शकाला म्हातारा माणूस सांभाळता येत नाही. दाखवला की मध्यंतराआधीच मारतो." इराने एकदा त्यांना अंतराळयानाचा इंग्रजी चित्रपट दाखवला. आम्हाला वाटलं, आता हे खुर्ची मोडणार. पण अण्णा खूश. उलटी मोजणी, तीन-तीनदा तपासणी, प्रत्येक बटणावर नाव. "असं पाहिजे," ते इराला म्हणाले. "यात भिण्यासारखं काही नाही." तेवढ्यात यानातल्या माणसाने खिशातून मुलीचा फोटो काढला. अण्णा उठले. "फोटो काढला. संपला हा." आणि ते गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले.

हे मात्र सांगायलाच हवं. मध्यंतरानंतर अण्णा कुठलाच चित्रपट बघत नसत. थिएटरात असले तर बाहेर बाकावर, घरी असले तर गॅलरीत. पहिल्या भागात माणसांची ओळख होते, जीव गुंततो, आणि मग त्यांना त्या माणसांची इतकी भीती वाटायला लागते की बसवत नाही. सासूबाई एकट्या शेवटपर्यंत बघत आणि मग जाऊन त्यांना पुढची गोष्ट सांगत. गॅलरीच्या दारात उभ्या राहून, पदराला हात पुसत, पाच मिनिटांत.

त्यामुळे अण्णांचं जुन्या चित्रपटांबद्दलचं मत फार चांगलं होतं. "आमच्या वेळच्या चित्रपटांत माणसं घरी परत यायची," ते म्हणत. "हल्लीच्यांना ते जमत नाही."

एका रविवारी टीव्हीवर एक जुना मराठी चित्रपट लागला होता. एका शाळामास्तरांचा. मध्यंतर झालं, अण्णा गॅलरीत गेले. आम्ही बघत राहिलो. मास्तरांची नोकरी जाते, खोकला वाढतो, आणि शेवटी एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ते प्राण सोडतात. माझे डोळे भरून आले होते. सासूबाई मटार सोलत होत्या. अण्णा आत आले आणि जरा दुरूनच विचारलं, "काय गं, मास्तरांचं काय झालं?"

"लागली की नोकरी परत," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "हेडमास्तर झाले. शेवटी झेंडावंदन आहे."

"बघ!" अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात चित्रपट."

मी आणि समीर, म्हणजे माझा नवरा, एकमेकांकडे बघत राहिलो. मी सासूबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

"आई, अहो, मास्तर तर..."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. त्यांनी नळ सोडला, भांड्यात पाणी पडू दिलं, आणि त्या आवाजाच्या आड मला सांगितलं. "लग्नानंतर आम्ही पहिला चित्रपट बघितला, नावाड्याचा. मध्यंतरानंतर यांना इतकी धडधड सुटली की मीच म्हटलं, जा, बाहेर थांबा. तो नावाडी शेवटी पुरात जातो गं. मी बाहेर आले तर हे भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. विचारलं, वाचला का? काय सांगणार? म्हटलं, वाचला. दोन गावं खाली काठाला लागला आणि तिसऱ्या दिवशी चालत घरी आला. तरी यांचा विश्वास बसेना. म्हणून म्हटलं, येताना वाटेत एक शेळी मिळाली, तीही घेऊन आला."

"शेळी?"

"शेळी म्हटल्यावर बसला विश्वास. एवढं खोटं कोण सांगेल?" त्या हसल्या. "तेव्हापासून सांगतेय. माझं काय जातं? समीरला सांग, तोंड उघडायचं नाही."

आम्ही तोंड उघडलं नाही. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हाही नाही. त्यांच्यानंतर अण्णा रविवारी टीव्हीपुढे बसत, मध्यंतराला गॅलरीत जात, आणि चित्रपट संपल्यावर आत येऊन नुसते आरामखुर्चीत बसत. पुढे काय झालं हे त्यांनी आम्हाला एकदाही विचारलं नाही. मीच एकदा सांगायला गेले, तर म्हणाले, "असू दे. जे असेल ते असेल."

गेल्या डिसेंबरात अण्णांना हृदयाचा झटका आला. दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी माझ्या हातात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली दिली आणि बजावलं, यांना धक्का बसेल असं काही नको. त्या दिवसापासून घरात अण्णांपेक्षा मी जास्त घाबरायला लागले. ते बाथरूममध्ये गेले की मी दाराबाहेर रेंगाळायची. दुपारी झोपले की छाती हलतेय ना बघून यायची. खराडीत ऑफिसला पोचले की पोचल्याचं कळवायच्या ऐवजी मी त्यांनाच बरे आहात ना, असं विचारायची.

आणि अशातच अण्णांनी पेपरमधली जाहिरात इरापुढे धरली. नावाड्याचा तो जुना चित्रपट दुरुस्त करून शहरातल्या एका थिएटरात दोन दिवस दाखवणार होते.

"इरा, याची तिकिटं मिळतील का बघ. मला हा सबंध बघायचाय."

"सबंध?" मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"हो. आता सांगायला ही नाही. मलाच बघावा लागेल." मग जरा लाजल्यासारखे हसले. "आणि यात कसली भीती? शेवट ठाऊक आहे मला. शेळी घेऊन येतो. बघू तरी शेळी कशी आहे."

इराने तोवर फोनवर चार तिकिटं काढलीसुद्धा होती.

आठवडाभर मी आणि समीर कुजबुजत राहिलो. "सांगून टाकू," तो म्हणाला. मी म्हटलं, "काय सांगणार? आई चाळीस वर्षं खोटं बोलत होत्या?" "मग तिकिटं रद्द करू." त्याने तसा प्रयत्नही केला. अण्णांना म्हणाला, त्या दिवशी गर्दी असेल, पार्किंग मिळणार नाही. एरवी एवढ्या कारणावर अण्णा घराबाहेर पडले नसते. त्या दिवशी म्हणाले, "मिळेल. मी तासभर आधी तयार राहतो."

शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार होते. थिएटरात शिरल्याबरोबर त्यांनी बाहेर पडायचे दरवाजे मोजले, आग विझवायचं यंत्र कुठे आहे ते आम्हाला दाखवलं, आणि मगच बसले. मी त्यांच्या शेजारी. पर्समध्ये गोळ्यांची बाटली होती. झाकण सैल आहे ना, हे मी अंधारात दोनदा बघितलं.

पहिला भाग छानच होता. तरणा नावाडी, त्याची गरोदर बायको, पैलतीराचं गाव. अण्णा नेहमीसारखे पुटपुटत होते. "ती दोरी कुजलीय. बदल रे बाबा." नावाडी बायकोच्या हातची भाकरी खाऊन हसला तेव्हा हळूच, "बरं लक्षण नाही." मागच्या रांगेतून कुणीतरी खास पुणेरी आवाजात म्हणालं, "काका, आम्ही पण तिकीट काढून आलोय." अण्णा गप्प झाले.

मध्यंतर झालं. मला वाटलं, आता सवयीने उठतील. देवा, उठू देत.

"अण्णा, चहा घेऊ या बाहेर? मोकळ्या हवेत?"

"तू घेऊन ये जा. मी बसतो."

"पुढे जरा रडकं आहे म्हणे."

"असेल थोडं. शेवट गोड आहे." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "मुग्धा, तू घाबरू नकोस. वाचतो तो."

दिवे गेले. पाऊस, पूर, बायकोला कळा सुरू झालेल्या, आणि सुईण पैलतीरावर. नावाडी नाव सोडायला निघाला. मी पडदा बघतच नव्हते, मी अण्णांना बघत होते. पडद्याच्या उजेडात त्यांचा जबडा आवळलेला दिसत होता. नाव भोवऱ्यात सापडली तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मला ती रुतू द्यायची होती. जोवर धरलंय तोवर ठीक आहेत, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या हाताने मी बाटली चाचपडत होते आणि मनातल्या मनात सासूबाईंना म्हणत होते, आई, आता तुम्हीच बघा.

नाव उलटी झाली. रिकामी नाव काठाला लागली. सुईण दुसऱ्या वाटेने पोचली, मूल झालं, त्याचं रडणं ऐकू आलं. अण्णा पुढे वाकले. आता कुडाच्या दारातून तो येईल, असं ते दाराकडे बघत राहिले. दार तसंच राहिलं. बायको मुलाला घेऊन नदीकाठी येऊन उभी राहिली, आणि पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं आली.

दिवे लागले. अण्णांनी माझं मनगट सोडलं.

"दुखतंय का कुठे? छातीत? घाम येतोय?"

"नाही," ते म्हणाले. "बाहेर जाऊ."

समीर गाडी काढायला गेला, इरा पाणी आणायला. आम्ही थिएटरच्या पायऱ्यांवर बसलो. समोर रिक्षांचा गलका चालला होता. अण्णांनी विचारलं, "शेळी कुठे होती?"

मी आठवडाभर हेच उत्तर जुळवत होते. "जुनी प्रत आहे ना अण्णा. तेवढा भाग कापला असेल."

"शेळी कापली?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू फुटलं. लपवायला काही उरलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं."

मी मान हलवली.

"मास्तर हेडमास्तर झाले, तेही?"

"नाही झाले, अण्णा."

ते एकेक चित्रपट विचारत गेले. गिरणीतला तो भाऊ सुटून आला का? आगगाडीत चुकलेली मुलगी सापडली का? जे मला ठाऊक होतं ते मी सांगितलं, ठाऊक नव्हतं तिथे तसं म्हटलं. मला वाटत होतं, आता ते चिडतील. चाळीस वर्षं फसवलं म्हणतील. नाहीतर छातीला हात लावतील. बाटली मी मुठीतच ठेवली होती.

"ही बाहेर यायची तेव्हा डोळे लाल असायचे," अण्णा म्हणाले. "दर वेळी. मी विचारलं की म्हणायची, पडद्याचा उजेड सोसत नाही मला. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मुग्धा. दोनदा नेलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, डोळ्यांत काही दोष नाही. मी म्हटलं, या डॉक्टरला काही कळत नाही."

समीरची गाडी समोर येऊन उभी राहिली होती. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले. अण्णा उठले नाहीत.

"मी बाहेर बाकावर बसून शेंगदाणे खायचो," ते म्हणाले. "आणि ही आत एकटी. सगळी माणसं हिने एकटीने मरताना बघितली. आणि डोळे पुसून बाहेर यायची, मला शेळ्या सांगायला."

घरी येताना ते पुढच्या सीटवर होते. वळणावर ब्रेक दाब म्हणाले नाहीत, सिग्नल लाल झालाय म्हणाले नाहीत. तो शांतपणा मला पडद्यावरच्या पुरापेक्षा भयंकर वाटला. जेवण अर्धं टाकलं. सकाळी मी चहा द्यायला गेले तर आंघोळ करून, शर्ट घालून बसलेले.

"उद्या नाही ना तो चित्रपट? आज शेवटचा खेळ आहे."

"अण्णा, परत?"

"काल मी शेळी शोधत बसलो. चित्रपट बघायचा राहिला."

समीरने नको म्हटलं. मीही म्हटलं. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, त्यांना जावंसं वाटतंय ना, मग कुणीतरी बरोबर जा. मी गेले.

रविवारी दुपारी थिएटर जवळजवळ रिकामं होतं. अण्णांनी दरवाजे मोजले नाहीत. पहिल्या भागात एक शब्द बोलले नाहीत. मध्यंतराला जागचे हलले नाहीत. मग पाऊस सुरू झाला, आणि नावाडी दोरी सोडायला लागला. अण्णांनी दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. श्वास तोंडाने चालला होता. काल त्यांना आशा होती, आज तीही नव्हती. काय होणार हे ठाऊक असून ते त्याकडे बघत होते.

मला ते सहन होईना. मी वाकून म्हटलं, "अण्णा, चला. बाहेर जाऊ या."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"तू जा हवं तर," ते म्हणाले. "मी बसतो हिच्याजवळ."